गॅलरीतली सर्पगंधा

आमची सर्पगंधा अस्सल आहे का, हे तपासायला मी गॅलरीतलं एकुलतं एक रोप मुळासकट उपटून पिंपरीला नेलं. चाकणच्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. तिथे तपासायला एक पार्ट तोडला, तरी मागे हजार असतात.

जडीबुटीच्या दुकानातले चाचा सकाळपासून भेसळीची पोती हुंगून परत पाठवत होते. पार थकले होते. त्यांनी माझं मूळ नखाने खरवडलं, जिभेला लावलं आणि डोळे मिटले.

"साल शाबूत, कडू जहर. असा माल आता येतच नाही, भाऊ. रानातली सगळी उपटून संपवली लोकांनी. तुमच्याकडे आणखी किती आहेत?"

"हीच होती."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. रागवायचंही त्राण नसावं. मुळाचे बोटभर तुकडे करून ते ओल्या फडक्यात गुंडाळू लागले. "तुकडाही फुटतो कधीकधी. हिला सावली लागते, ओल लागते. राजगुरुनगरला जावयाच्या आंब्याखाली लावून बघतो."

मी ओशाळून म्हणालो, "चाचा, एक तुकडा मला द्या ना. शिफ्ट सांभाळून नीट वाढवीन."

"तुम्हाला नको. फुटला का बघायला रोज उकरून काढाल."