लेबलवरच्या सुमनबाई

नांदेडच्या गाडीत बसले तेव्हा पर्समध्ये तिकीट, रक्तदाबाच्या गोळ्या आणि गोधडीवरून उसवलेलं एक कापडी लेबल होतं. लेबलवर एका बाईंचा हसरा फोटो, त्याखाली 'ही गोधडी सुमनबाईंनी शिवली आहे' अशी ओळ आणि फेअर ट्रेडचा शिक्का. करणाऱ्याला कष्टाचं रास्त मोल मिळतं, अशी हमी तो शिक्का देतो म्हणे.

पुण्यात आमच्या सोसायटीतल्या अकरा घरांच्या गळ्यात मी या गोधड्या मारल्या आहेत. शेजारचे काका दर वेळी विचारायचे, "पण त्या बाईला खरंच काही मिळतं का हो?" माझा स्वभाव असा, की एकदा शंका शिरली की झोप उडते. शेवटी दुकानातून गावाचा पत्ता घेतला आणि निघाले.

नांदेडहून हदगाव आणि तिथून दुसरी एसटी. घाईघाईत एक फाटा आधीच उतरले. कंडक्टर मागून ओरडला तोवर बस हलली होती. एका बाजूला वेचणीला आलेला कापूस, दुसरीकडे पिवळ्या फुलांची तूर, आणि मधून मी बॅग ओढत चाललेले. सुमनबाई नावाचं कुणी नसलंच तर सोसायटीत काय तोंड दाखवू, याचाच घोर लागला होता. वाटेत कापसाचं गाठोडं घेतलेल्या कालिंदाबाई भेटल्या. लेबल बघून हसल्या आणि म्हणाल्या, चला, तिथंच चालले.

समाजमंदिराच्या ओसरीवर एक मोठी वाकळ (गोधडी) पसरली होती. तीन बाजूंना तिघी बसल्या होत्या, चौथ्या बाजूला कालिंदाबाई जाऊन बसल्या. सुमनबाई भिंतीला टेकून होत्या, पुढ्यात चिंध्यांचा ढीग. चेहरा अगदी लेबलवरचा. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्यांनी पाण्याचा तांब्या घ्यायला हात पुढे केला आणि उजव्या हाताला अंगठ्याशिवाय काहीच नाही हे मला दिसलं. दोन वर्षांपूर्वी सोयाबीनच्या मळणीयंत्रात बोटं गेली होती. माझी गोधडी गेल्या वर्षीची.

मी तीस वर्षं शिक्षिका होते. एकीची वही दुसरीने लिहिलेली मला अक्षरावरून कळायची आणि मी दोघींनाही उभं करायची. इथेही विचारल्याशिवाय राहवलं नाही, की मग या शिवतं कोण?

कुणी दचकलं नाही. कालिंदाबाईंनी सुईत दोरा ओवता ओवताच सांगितलं, "आमच्यात वारंगुळा हाय, ताई. जिचा नंबर तिची वाकळ, शिवायला समद्या. सुमन धा वर्सं आमच्या नंबराला बसली. आता हात गेला म्हून तिचा नंबर थोडाच जातोय?"

वारंगुळा म्हणजे आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या, अशी पाळीपाळीने केलेली कामं. खुरपणीची ही रीत त्यांनी सरळ गोधडीला लावली होती. सुमनबाई डाव्या हाताने तुकडे निवडत होत्या. हा लाल न्हाई, तो जांभळा घ्या, म्हणत होत्या. त्यांची लेक नांदेडला नर्सिंग शिकते. तिथलं तिचं राहणं-जेवण या वाकळेवर चालतं, हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. दुपारी ज्वारीची भाकरी आणि येसराची (भाजक्या डाळी-मसाल्याच्या पिठाची) झणझणीत आमटी त्यांच्याबरोबर जेवले. निघताना मला भरून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी लातूरमार्गे मुरूडला गेले. गावोगावच्या गोधड्या तिथल्या केंद्रात येतात, धुतल्या जातात आणि त्यांना लेबलं लागतात. केंद्र सांभाळणारी सुजाता जेमतेम तिशीची. चहा आला, आणि कौतुकाच्या भरात मी वारंगुळ्याची सगळी कथा तिला रंगवून सांगितली. माझ्या पोटात काही राहत नाही.

सुजाताचा चेहरा उतरला. लेबलवर जिचं नाव तिनेच टाके घातलेले हवेत, असा नियम होता. पुढच्या महिन्यात तपासणी होती, आणि एक लेबल खोटं निघालं तर सगळा गट बाद. तिने उठून दार लोटलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, हे तुम्ही स्वतः पाहिलंत, की नुसतं कुणाकडून ऐकलंत?"

"स्वतः पाहिलं, माझ्या डोळ्यांनी," मी म्हणाले. वर ताठ बसून म्हणाले.

तिने मान खाली घातली. मग सुमनबाईंचं नाव कमी करावं लागेल, एवढंच बोलली.

संध्याकाळी लातूर स्टेशनच्या बाकावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती पोरगी मला पळवाट काढून देत होती आणि मी खरेपणाचा टेंभा मिरवत बसले. कालिंदाबाईंना फोन लावला, झालेलं सगळं सांगितलं आणि चिडूनच विचारलं, की कुठे बोलू नका एवढं तरी का नाही म्हणालात?

त्या म्हणाल्या, "तुमी आमच्यात जेवलात की, ताई. जेवल्या माणसाला असं सांगत्यात व्हय?"

त्यांनी रागावायला हवं होतं, मला सोपं गेलं असतं. गाडीत घास उतरला नाही. गावातल्या चौघींनी एकीला सांभाळायची रीत माझ्या शिक्क्याच्या कितीतरी आधीपासून चालवली होती. शिक्का माझ्यासारखीच्या मनाला बरं वाटावं म्हणून होता, आणि मला तेवढंही पुरलं नाही.

पुण्यात पोचले त्याच दिवशी केंद्राला सहीनिशी पत्र पाठवलं: 'माझा गैरसमज झाला होता. सुमनबाईंना टाके घालताना मी प्रत्यक्ष पाहिलं.' सुजाताचं एका ओळीचं उत्तर आलं, की नाव तूर्त ठेवलंय, तपासणीवाले तुम्हाला फोन करून खात्री करतील.

तेव्हापासून मोबाइल आंघोळीलाही बरोबर नेते. काल अनोळखी नंबर वाजला. तव्यावरची पोळी तशीच राहिली. पलीकडचा माणूस बोलायच्या आतच मी एका दमात सांगून टाकलं, हो, त्यांनीच शिवलीय, माझ्यासमोर शिवलीय, मी तिथेच बसले होते.

तो जरा थांबला आणि म्हणाला, काकू, सिलिंडर आणलाय, कितव्या मजल्यावर चढवू?