तीनदा विचारलेला प्रश्न

ताई महत्त्वाचा प्रश्न तीनदा विचारायच्या. "पहिलं उत्तर पाहुण्यांसमोरचं असतं, काका," म्हणत पेनाला टोपण लावायच्या आणि चहा ओतायच्या.

इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये त्या आमच्यापासून चार घरं सोडून राहत. मनोरुग्णांच्या वॉर्डातून निवृत्त झालेल्या नर्स. दुःखातून बाहेर न येणाऱ्यांना त्या नेदरलँड्सला नेत. तिथे डॉक्टरच्या देखरेखीखाली ट्रफल देतात. मन ढवळून काढणारी एक बुरशी. इकडे तिला बंदी. शेजारच्या एकाने "येताना चार घेऊन या, माझ्या शेडमध्ये करू," म्हटलं, तर म्हणाल्या, "तुमच्या शेडमध्ये मी सायकलसुद्धा ठेवणार नाही." निम्म्या लोकांना त्या परतच पाठवायच्या. कुणाचं हृदय कमजोर, कुणाच्या गोळ्या चालू.

बायको गेल्यावर दोन वर्षं मी घराचे पडदे उघडले नव्हते. ताईंनी दोन महिने तयारी करून घेतली, जीपीकडून, म्हणजे माझ्या नेहमीच्या डॉक्टरकडून, औषधांची यादी आणवली. शेवटी फॉर्म. "रक्ताच्या नात्यात कुणाला भास, मनाचा मोठा आजार? असेल तर मी नेणार नाही."

माझा धाकटा भाऊ नागपूरच्या मनोरुग्णालयात होता. तिथेच गेला. पण आमच्या घरी तो 'बोटीवर नोकरीला' होता, कारण बहिणींची लग्नं व्हायची होती. लग्नं झाली, तरी भाऊ बोटीवरच राहिला. माझ्या मुलीलाही तेवढंच ठाऊक. ताईंना मी तिन्ही वेळा 'नाही' म्हणालो आणि खाली सही केली.

तिथे ट्रफल घेतल्यावर मी भावाला हाका मारत सुटलो. "त्याला दवाखान्यातून सोडा!" असं ओरडत होतो म्हणे. ताईंनी माझा हात क्षणभरही सोडला नाही. भास मात्र पुढे कित्येक आठवडे राहिले.

ताईंनी मला घरी आणलं, तेव्हा मुलगी दारातच म्हणाली, "तुम्ही नर्स आहात ना? बाबांची प्रॉपर हिस्टरी घेतली नाही तुम्ही?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बुटांच्या नाड्या सोडत बसलो.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

मराठी मंडळात तेच पसरलं. लोक त्यांना टाळू लागले. त्यांनी काम बंद केलं. एके दिवशी दाराच्या फटीतून लिफाफा आला. आत माझा फॉर्म, आणि चिठ्ठी: "घरातलं आहे, घरातच असू द्या. पण काका, तुमच्या डॉक्टरला तरी खरं सांगा."

गेल्या महिन्यात त्या वारल्या. मुलगी अंत्यविधीला आली नाही. "मी कशाला येऊ?" म्हणाली.

रविवारी मी तो फॉर्म तिच्यापुढे ठेवला आणि तिचा काका कुठल्याच बोटीवर नव्हता, हे सांगितलं. तिने माझ्या सहीवर बोट ठेवलं.

"हे त्यांच्याकडे होतं? आणि त्या काहीच बोलल्या नाहीत?"

"नाही."

तिने कोट चढवला आणि बाहेर पडली. मी कित्येक वर्षांनी पडदा सारून पाहिलं. चार घरं पलीकडे, ताईंच्या दाराशी, विक्रीची पाटी लागली होती. पाटी वाचूनही मुलीने बेल वाजवली, आणि दारात उभी राहिली.