आईच्या पदराला बांधून बाळापूरचा बाजार

हिंगोलीच्या बसस्थानकावर आईने मला तिसऱ्यांदा 'दादा' म्हटले. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, माझा मामा. तो वारला त्याला बरीच वर्षे झाली आणि जिवंतपणीही तो दिसायला माझ्याहून वाईट होता. पण वर्षभरापासून आईला मी कधी दादा वाटतो, कधी दवाखान्यातला कंपाउंडर. 'किसन्या' अशी हाक दिवाळीपासून कानावर नाही. परवा पुण्यात ती एकदम म्हणाली, "बाळापूरच्या बाजाराला जायचं." मी लगेच रजा टाकली. माझे लहानपण त्याच बाजारात गेले. तिथे तरी तिला मी आठवेन, एवढीच आशा.

गाडी कळमनुरीकडे निघाली. दुतर्फा शेतांत शिजवलेली हळद वाळत पडली होती आणि अख्खी बस तिच्या वासाने भरली होती. माझ्या लहानपणी आईचा दवाखाना हळदीवरच चाले. गुडघा फुटला, हळद. खोकला, हळद. गणितात नापास झालो तेव्हाही तिने दुधात हळद घालून पाजली. मार्क काही वाढले नाहीत, पण रडू थांबले.

आखाडा बाळापूरला उतरल्यावर आधी भजी. हाटेलवाल्याने विचारले, "मावशी, तिखट चालंल ना?"

"मला काहून (का) इचारतो? दादाला इचार. त्याचं पोट कच्चं हाय."

मामा दगड पचवायचा. कच्चे पोट माझे. मी खुशीत आणखी एक प्लेट सांगितली.

हा बाजार म्हणजे माझ्या बेइज्जतीची जागा. गर्दीत हरवू नये म्हणून आई पदराचे टोक माझ्या करदोड्याला (कमरेच्या काळ्या दोऱ्याला) बांधायची. तो दोरा मी अजून घालतो, बायको हसते तरी. एकदा बांगड्यांच्या दुकानाशेजारच्या ढिगातून मिरच्या निवडायला तिने गाठ सोडली आणि बोलता बोलता पुन्हा बांधली ती शेजारच्या बकरीच्या दाव्याला. निम्मा बाजार ओलांडेपर्यंत तिला पत्ता नव्हता. ओढ तेवढीच होती आणि ओरडणेही साधारण माझ्यासारखेच. मग ती धावत आली, बकरीसकट, मागे शिव्या देत बकरीवाला. आधी माझ्या थोबाडीत, मग मिठी, मग पुडाभर गोडीशेव. "काहून सुटलास रे?" हेही वर मलाच. त्या मिठीला बकरीचा वास होता. तो मला अजून आवडतो.

हे सगळे आठवत मी मिरच्या चाळत होतो. वळून पाहिले तर आई नाही.

बावन्न वर्षांचा माणूस भर बाजारात "आई! आई!" करत धावतो तेव्हा लोक वाट देतात आणि हसतातही. मी खरेच घाबरलो होतो. शेवटी ती बांगड्यांच्या दुकानापाशी सापडली. दुकानातल्या बाईला सांगत होती, "माझं लेकरू दिसलं का? हितंच उभं केलं व्हतं. खाकी चड्डी, नाकाला शेंबूड. किसन्या नाव हाय."

"आई, मीच किसन्या."

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिले. "माझा किसन्या टकला न्हाई."

बाई खुदकन हसली. तिला मी लख्ख आठवत होतो, फक्त तो मीच हे पटत नव्हते.

"चल, गाडी सुटेल."

"लेकरू घेतल्याबिगर मी हलत न्हाई," म्हणून तिने तिथेच मातीत बसकण मारली.

मग मी लाज सोडली. शर्ट वर केला, पोट आत ओढले आणि चरबीत बुडालेला करदोडा बोटाने बाहेर काढून तिच्यापुढे धरला. तिने तो चाचपला. ओढून पाहिला. आणि फाडकन माझ्या थोबाडीत दिली.

"काहून सुटलास रे, किसन्या?"

दुकानातल्या बाईचे हसू थांबले. आईने पदराचे टोक काढून घट्ट गाठ मारली. बसपर्यंत मी तिच्यामागून चाललो, डोळे पुसत, अगदी तिच्या किसन्याला शोभेल असा शेंबडा.

परतीच्या वाटेत तिने मला दोनदा दादा म्हटले. म्हणो. आपल्याला शोधत बाजारभर फिरणारी आई जवळ बसलीय, मग हाक कोणतीही चालते, असे मला वाटले. हिंगोलीला उतरल्यावर मात्र मी काकुळतीला आलो. "आई, गाठ सोड. लघवीला जाऊन येतो."

"उगं बस," ती म्हणाली. "मागच्या खेपी सोडलं तं बकरी आली."