बॅट टाकून पळायचं

बारा वर्षांची असताना मला एकच गोष्ट हवी होती. गावातल्या मुलांच्या बेसबॉल संघाची जी यादी लीगकडे जाणार होती, तिच्यात माझं नाव. आज हे सांगताना हसू येतं, पण तेव्हा मला अजिबात हसू येत नव्हतं.

साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. बाबा जर्मनीत पीएचडी करत होते आणि दोन वर्षं एकटे राहून कंटाळल्यावर त्यांनी आईला आणि मला पुण्याहून बोलावून घेतलं. आमचं गाव र्युसेल्सहाइमच्या पलीकडे, माइन नदीजवळ. बाबा रोज आगगाडीने इन्स्टिट्यूटला जात, आणि गावातले बाकीचे बाप सायकलींवरून मोटारींच्या कारखान्यात. मला भाषा येत नाही म्हणून शाळेने दोन इयत्ता खाली बसवलं होतं. दहा वर्षांच्या पोरींमध्ये मी ताडमाड, आणि दिवसभर तोंडात मिठाची गुळणी. पुण्यात माझी बडबड थांबवायला आई गळ्याची शपथ घालायची, त्या मला! घरी आले की मी दप्तर आपटायचे आणि आईशी भांडायचे, कारण मराठीत भांडायला तेवढीच एक होती.

शाळेच्या वाटेवर एक मैदान होतं. शनिवारी दुपारी तिथे पोरं बेसबॉल खेळायची. मी कुंपणाच्या जाळीला नाक लावून पहिल्यांदा बघितलं आणि मनात म्हटलं, हात्तिच्या, हे तर आपल्याला येतं! पुण्यात चुलतभावांबरोबर मी क्रिकेट खेळून वाढले होते. आधी ते मला नुसती फिल्डिंग द्यायचे. मग एकदा मी थोरल्याचा चेंडू शेजारच्यांच्या गच्चीवर टोलवला आणि तेव्हापासून मला मुकाट्याने बॅटिंग मिळायला लागली. तेव्हा मुलांच्या खेळात घुसायचा मला अनुभव होता.

संघाचा ट्रेनर कारखान्यात फिटर होता. लढाईनंतर इथे आलेल्या अमेरिकन सैनिकांकडून तो हा खेळ शिकला होता, आणि आता आसपासच्या चार गावांनी मिळून मुलांची लीग काढली होती. मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "मीपण."

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. दोन वेण्या, गुडघ्याखालपर्यंत फ्रॉक. "मुलींसाठी हँडबॉल आहे," तो म्हणाला, "बुधवारी, शाळेच्या हॉलमध्ये."

"कुठे लिहिलंय?" मी विचारलं.

हे जर्मन वाक्य मला फार चांगलं यायचं. आमच्या खालच्या मजल्यावर राहणारी घरमालकीण काहीही सांगताना जिन्यातल्या छापील नियमांच्या तक्त्यावर बोट ठेवायची. या देशात लिहिलेलं असेल तर आहे, नसेल तर नाही, एवढं मी सहा महिन्यांत शिकले होते. ट्रेनरने डोकं खाजवलं आणि लीगच्या नियमांचे चार टाइप केलेले कागद माझ्या हातात दिले. बहुतेक मी परत येणार नाही असं त्याला वाटलं असावं.

बाबांनी दोन संध्याकाळी शब्दकोश घेऊन ते कागद वाचले. प्रबंधाची टिपणं बाजूला राहिली. "दहा ते चौदा वर्षांची मुलं," ते म्हणाले, "पालकांची सही, डॉक्टरांचा दाखला, स्वतःचे बूट. मुली नकोत असं कुठेही म्हटलेलं नाही."

"अहो, पण तिने का खेळावं?" आई म्हणाली. "इथे कुणी बघायला नाही म्हणून काहीही करायचं का?"

"खेळू दे गं. दप्तर तरी आपटणार नाही."

आई कणीक मळायला वळली, म्हणजे परवानगी मिळाली. पुढच्या शनिवारी मी बाबांची सही, दाखला आणि चारही कागद घेऊन मैदानावर हजर झाले. ट्रेनरने सगळं उभ्या उभ्या वाचलं, एकदा उलटं करूनही बघितलं. "आल्झो, बरं तर," तो सुस्कारा टाकून म्हणाला, "मार बघू."

पहिले दोन चेंडू मी सोडले. ते टप्पा न पडता थेट छातीच्या उंचीवर येत होते, आणि असा चेंडू माझ्या ओळखीचा नव्हता. तिसरा मात्र बॅटच्या बरोबर मध्यावर बसला. असा आवाज आला की काय सांगू! चेंडू दोन पोरांच्या मधून कुंपणापर्यंत गेला. मी बॅट घट्ट धरून पहिल्या बेसकडे, म्हणजे जमिनीवरच्या पांढऱ्या चौकोनी गादीकडे, धावले, दोन हातांवर असताना बॅट पुढे केली, तिचं टोक बेसवर टेकवलं आणि थांबले. झाली की धाव!

तेवढ्यात फेकलेला चेंडू आला, बेसवरच्या पोराने तो झेलला आणि हसायलाच लागला. मग सगळेच हसले. एकजण तर गवतावर लोळला. त्या खेळात बॅट तिथेच टाकायची असते आणि बेसला स्वतःचा पाय लावायचा असतो. बॅट पोचली होती, मी पोचले नव्हते. माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. त्या लोळणाऱ्याला बॅटनेच हाणावं असं वाटलं, खोटं कशाला सांगू.

ट्रेनर मात्र हसला नाही. तो चेंडू कुठवर गेला ते बघत होता. "यादी पुढच्या शनिवारी संध्याकाळी पाठवायची आहे," तो म्हणाला. "एक जागा शिल्लक आहे. पुढच्या शनिवारी ये. मारायचं, टाकायचं, पळायचं. बेसवर पोचलीस तर नाव लिहितो. नाही पोचलीस तर हँडबॉल."

म्हणजे माझ्या हातात एक आठवडा होता.

बाबांनी घरातल्या झाडूचा लांब दांडा काढून दिला. आमच्या मजल्यावर खोल्यांच्या मधून एक अरुंद बोळ होता. स्वयंपाकघराच्या दारात मी, मधे आई, आणि बोळाच्या टोकाला पायपुसणं, तो बेस. आई मोज्यांची गुंडाळी फेकायची, मी मारायचे, दांडा टाकायचे आणि पायपुसण्यापर्यंत पळायचे. पहिल्याच दिवशी खालून धाडधाड ठोकलं गेलं. दुपारी एक ते तीन शांततेची वेळ, तेही तक्त्यावर लिहिलेलं. मग आईने जमिनीवर आपली गोधडी अंथरली आणि दांडा तिच्यावर पडायला लागला.

"काय उफराटा खेळ आहे बाई," आई म्हणायची. "हातचं सोडायचं आणि पळत्याच्या पाठीमागे लागायचं!"

हातचं सोडणं मला दोन दिवसांत जमलं. गाडं अडलं भलतीकडेच.

दांडा टाकला की तो घरंगळून नेमका पायात यायचा. पाय लागला की मी थांबायचे, वाकायचे, दांड्याला हात लावून तो हात कपाळाला लावायचे आणि मग पळायचे. मला कळायचंसुद्धा नाही. पुस्तकाला पाय लागला, नमस्कार. वहीला, पेनला, माणसाला, नमस्कार. आमच्याकडे खंडेनवमीला बाबांच्या मोजमापाच्या पट्ट्या, आईची कात्री, शिवणाचं मशीन आणि चुलतभावांची बॅट एका पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचे. बॅटला पाय लावून तसंच पुढे जाणारं पोर आमच्या घरात नव्हतं.

बाबा मनगटावरचं घड्याळ बघत उभे होते. "बघ," ते म्हणाले, "तेवढ्यात दीड सेकंद गेला. तेवढ्यात चेंडू येतो. थांबलीस की गेलीस."

"मग नाही थांबणार," मी म्हणाले.

"थांबणार नाही म्हणजे?" आई मोजे हातात घेऊन ताठ उभी राहिली. "आणि हा तर केरसुणीचा दांडा. लक्ष्मी ती."

"अगं, जर्मन लक्ष्मी आहे. ती रागवायची नाही."

"तुम्ही चेष्टा करू नका हो. आज बॅट तुडवेल, उद्या पुस्तक तुडवेल, परवा आम्हाला. इथे आलो म्हणून सगळंच सोडून द्यायचं? आधीच मांडीवर ताट घेऊन जेवायला लागलीये."

मी म्हणाले, तुला माझं नाव यादीत नकोच आहे. ती म्हणाली, नसलं तर काही आकाश कोसळत नाही. मी म्हणाले, तुझं काय जातंय, तुला कुठे त्या वर्गात बसायचं असतं दिवसभर मुक्यासारखं! हे बोलले आणि मला रडू फुटलं. सहा महिन्यांत ते मी घरी कधी सांगितलं नव्हतं. आईने मोजे खाली ठेवले.  तिने मला जवळ घेतलं नाही, तिला ते यायचं नाही. थोड्या वेळाने तिने मोजे पुन्हा उचलले आणि म्हणाली, "चल, उभी राहा."

शनिवारपर्यंत आम्ही रोज खेळलो. दांड्याला पाय लागायचा आणि मी दर वेळी थांबायचे. ठरवून, दातओठ खाऊन पळायला जायचे, तरी कंबर आपोआप वाकायची. शुक्रवारी मी बारा वेळा मारलं, सात वेळा पाय लागला आणि सातही वेळा मी वाकले. आई नमस्कार कर म्हणाली नाही आणि करू नकोस असंही म्हणाली नाही.

शनिवारी बाबांना इन्स्टिट्यूटमध्ये प्रयोग होता, म्हणून आई आली. नऊवारी तिने पुण्यातच सोडली होती. सहावारी पातळ, त्यावर बाबांचा जुना ओव्हरकोट आणि डोक्याला मफलर. ती पहिल्यांदाच मैदानावर येत होती. कुंपणापाशी इतर पोरांच्या आया उभ्या होत्या, त्यांच्यापासून दोन हात लांब ती उभी राहिली. पोरं तिच्याकडे टकमका बघत होती. मला तिची लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा राग आला. त्या रागातच मी बॅट उचलली.

पहिला चेंडू मी हुकवला. दुसरा हुकवला. बेसवरचा पोरगा आत्तापासूनच दात काढत होता. तिसरा चेंडू जरा खाली आला. तीन हुकले की बाद, म्हणजे हा गेला की हँडबॉल, हे मला ठाऊक होतं. मी मारला.

मागच्या शनिवारसारखा तो लांब गेला नाही. डावीकडे जमिनीलगत सरपटत गेला आणि तिकडच्या पोराने तो अडवला. म्हणजे आता नुसती शर्यत होती. मी बॅट टाकली, अगदी शिकवल्यासारखी टाकली, आणि पहिलंच पाऊल उचललं तर माझी टाच तिच्यावर पडली.

माझं अंग थांबलं. मी थांबवलं नाही, ते थांबलं. हात खाली जायला लागला.

"पळ गं!" कुंपणाकडून आईचा आवाज आला. आई कधी ओरडत नसे. पुण्यातसुद्धा तिचा आवाज दाराबाहेर गेला नव्हता. "पळ! नमस्कार मी करते! तू पळ!"

मी पळाले. आयुष्यात मी तशी कधी धावले नाही. वेण्या पाठीवर आपटत होत्या, डोळ्यांना फक्त तो पांढरा बेस दिसत होता. माझा पाय त्याच्यावर पडला आणि मग पोराच्या हातमोज्यात चेंडू पडल्याचा आवाज आला. आधी पाय, मग चेंडू. त्या पोरालाही ते कळलं, कारण त्याचे दात दिसेनासे झाले.

"हो!" ट्रेनर ओरडला. "पोचली!" त्याने खिशातून कागद काढला, कानावरची पेन्सिल घेतली आणि गुडघ्यावर कागद ठेवून लिहायला लागला. माझं नाव त्याला तीनदा सांगावं लागलं.

मग सगळे एकाच दिशेला बघायला लागले, म्हणून मीही वळले. आई कुंपणाच्या फाटकातून आत आली होती. ओव्हरकोटाच्या खालून निऱ्या एका हाताने धरून, चिखल चुकवत, घाई न करता ती मैदानाच्या मधोमध चालत गेली. खेळ थांबला होता. तिने बॅटपाशी चपला काढल्या. त्या थंडीत, ओल्या गवतावर. मग वाकली, बॅटला हात लावला, तो हात कपाळाला लावला, आणि बॅट उचलून पदराने पुसली.

"त्या बाई कोण?" ट्रेनरने मला विचारलं.

"माझी आई."

"काय करतायत त्या?"

माझ्याजवळ तेवढं जर्मन नव्हतं. मला तिच्याकडे धावत जायचं होतं, तिला मिठी मारायची होती, आम्हा दोघींनाही ते येत नव्हतं तरी. मी तसं वळलेच. ट्रेनर घाईने म्हणाला, "थांब, पोरी! पुढचा फटका व्हायचाय. बेस सोडलास तर बाद होशील."

मी रडत होते, पण पाय उचलला नाही.