दोन निनावी अर्ज

ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत मी भाषांतरकार होतो, तेव्हा अर्ध्या जिल्ह्याची निंदा माझ्या टेबलावरून साहेबाकडे जायची. लोक निनावी अर्ज टाकायचे, मी त्यांचं इंग्रजी करायचो. एकदा साहेबाने विचारलं, चहाडी, कुटाळकी, नालस्ती, या सगळ्यांना तू एकच इंग्रजी शब्द का लिहितोस?

"साहेब, तुमच्याकडे तेवढाच आहे," मी म्हणालो. "आमच्यात चहाडी वरिष्ठांच्या कानाशी करतात, कुटाळकी देवळाच्या पायरीवर बसून करतात, आणि माणसाची पुरती इज्जत घालवायची ठरवली की नालस्ती."

"मग हातातला अर्ज यातला कुठला?"

"तिन्ही," मी म्हणालो.

तो अर्ज माझ्या वडिलांनी लिहिला होता. खाली नाव नव्हतं, पण मी मोडी गिरवली ती त्यांच्या अक्षरांवर. ते अक्षर मी झोपेतही ओळखलं असतं. वडील कल्याणच्या मामलेदार कचेरीतून पेन्शन घेऊन घरी बसले होते आणि हाताला काम नसल्यामुळे गावाच्या नीतीची काळजी वाहत होते. अर्ज होता कल्याणच्या शाळेच्या मास्तरावर. मास्तराचा गुन्हा असा की, एका सत्यनारायणाला त्याने चारचौघांत वडिलांचा श्लोक दुरुस्त केला होता. त्या दिवशी वडिलांनी प्रसादाचा शिरासुद्धा पानात तसाच टाकला. यावरून राग किती होता ते ओळखावं.

मास्तराची आई अंथरुणाला खिळलेली होती. गावच्या वैद्याच्या औषधावर ती कशीबशी तग धरून होती. बदली झाली तर म्हातारी वाटेतच जाईल, असं वैद्य म्हणायचे. हे वडिलांना ठाऊक होतं, आणि मलाही.

अर्जात लिहिलं होतं की हा मास्तर पाद्र्याच्या ओसरीवर बसून चहा पितो, बिस्किटं खातो, विधवा बहिणीला वाचायला शिकवतो आणि गावकुसाबाहेरची पोरं इतरांच्या मांडीला मांडी लावून बसवतो. हे सगळं अक्षरशः खरं होतं. बाकी विशेषणं होती, ती वडिलांच्या पदरची. मी शब्दाला शब्द लावून इंग्रजी केलं, एक काना इकडचा तिकडे केला नाही. साहेबाने वाचलं आणि खुर्चीतून उठलाच. "असा मास्तर माझ्या जिल्ह्यात आहे, आणि मला कुणी सांगितलं नाही?" त्याच आठवड्यात मास्तराला शाबासकीचं पत्र गेलं.

त्या दिवशी घरी आलो तो हसू आवरेना. पानावर बसल्यावर मी वडिलांना मुद्दाम सगळं रंगवून सांगितलं.

"आबा, कुण्या शहाण्याने अर्ज केलाय बघा! त्याला शिव्या वाटल्या, साहेबाला ती सद्गुणांची यादी वाटली. अहो, साहेबाच्या नजरेतून माणूस उतरवायचा तर त्याची आपल्या पद्धतीने स्तुती करायला हवी."

वडील ताकभात कालवत राहिले. मला वाटलं, खोड मोडली. मी फार हुशार होतो त्या काळी.

महिन्याने दुसरा अर्ज आला. कागद नवा, अक्षर मुद्दाम उलट्या बाजूला कललेलं, पण उकाराची शेपटी तीच. यात मास्तराची तोंडभर स्तुती होती. असा धर्मनिष्ठ गुरुजी शोधून सापडायचा नाही. गावकुसाबाहेरच्या पोरांना तो व्हरांड्यातसुद्धा बसू देत नाही, अंगणात उन्हात बसवतो आणि पाट्या लांबून फेकतो. मुलींना शाळेची पायरी चढू देत नाही. सरकारने त्याला दीर्घकाळ याच जागी ठेवावं, ही विनंती.

एकूण एक वाक्य खोटं, आणि त्यात निंदेचा एक शब्द नाही. मी भाषांतर केलं आणि खाली नेहमीप्रमाणे 'बरोबर आहे' असं लिहून सही ठोकली.

साहेबाचा चेहरा लाल झाला. मी धीर करून म्हणालो, "साहेब, आधीच्या अर्जात तर नेमकं उलट होतं."

"तो शत्रूचा होता. शत्रू वाटेल ते लिहितो," साहेब म्हणाला. "हा मित्राचा आहे. मित्र कशाला खोटं लिहील?"

दोन्ही अर्ज एकाच माणसाचे आहेत, एवढंच मला सांगायचं होतं. पण मग तो माणूस कोण, हेही सांगावं लागलं असतं. वडिलांची अब्रू आणि माझी नोकरी डोळ्यांपुढे आली, आणि मी गप्प बसलो. मला माझी लाज वाटली, अजून वाटते. चहाडीला शब्द आहे, चुगलीला आहे. मी त्या दिवशी जे केलं, त्याला मला आजतागायत कुठल्याच भाषेत शब्द मिळालेला नाही.

मास्तराची बदली मोखाड्याला झाली. जंगल, घाट आणि हिवताप. निघायच्या आदल्या संध्याकाळी तो आमच्या घरी आला. बैलगाडीत आईसाठी पेंढ्याची गादी घालून ठेवलीय, असं म्हणाला. वडील ओटीवर सुपारी कातरत बसले होते.

"कचेरीतला शिपाई सांगत होता, माझ्या स्तुतीचा एक अर्ज आला होता म्हणे," मास्तर मला म्हणाला. "सरकारने याला इथेच ठेवावं, असं त्यात लिहिलं होतं. बदली काही टळली नाही, पण गावात एक तरी माणूस माझ्यासाठी लिहिणारा निघाला. आईला सांगितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, त्याच्या पाया पडल्याशिवाय गाव सोडू नकोस. कोण होता तो, सांगाल का?"

अडकित्ता थांबला.

"निनावी होता," मी म्हणालो.

"असो," तो म्हणाला. जाताना, घरातलं वडीलधारं माणूस म्हणून, तो वडिलांपुढे वाकला. वडिलांनी झटकन पाय मागे ओढले, पण तोवर त्याचे हात पोचले होते.