इराण, हैदराबादच्या पुढं

परदेशात नोकरी करून आलेल्या बाईला लोक आधी एकच विचारतात, सोनं किती आणलं? आणलं होतं थोडंफार. काही धाकट्या भावाच्या लग्नात गेलं, काही घरावरच्या पत्र्यात. किस्से मात्र कुणी मागितले नाहीत, म्हणून ते जागच्या जागी राहिले. राहिले कसले, वाढले! आता तुम्ही बसलाच आहात तर ऐका.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. आमचा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. मी वसमतजवळच्या हट्टा गावची, आमच्या बौद्धवस्तीतली पहिली शिकलेली पोरगी, वसमतच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. क्वार्टरमध्ये माझ्यासोबत अन्नम्मा नावाची केरळची सिस्टर राहायची. इराणमध्ये नर्स पाहिजेत ही बातमी तिनंच आणली. तिच्या गावच्या दोघी तिकडं पोचल्याही होत्या. मला म्हणाली, "विमल, तू चल. एकटी मी न्हाई जात."

मराठी ती वसमतमध्येच शिकली होती. त्यामुळं पुस्तकी मराठीचा तिला वारासुद्धा लागलेला नव्हता.

मुंबईला एका हॉटेलात इंटरव्ह्यू होता. समोर एक इराणी डॉक्टर आणि त्यांच्या मदतीला एक पुणेरी साहेब. अन्नम्माला विचारलं, भाषा कोणत्या येतात? तिनं मोजून सांगितल्या : मल्याळम, इंग्लिश, हिंदी, मराठी.

पुणेरी साहेब खुलले. "मराठी? अरे वा! जरा बोलून दाखवा पाहू."

अन्नम्मानं त्यांच्याकडं रोखून बघितलं आणि म्हणाली, "काहून?"

साहेबांचा चहा बशीत सांडला. आम्ही दोघी पास झालो!

* * *

पासपोर्टसाठी पोलीस चौकशीला गावी येतात, हे घरी सांगायचं मी विसरले होते.

बाबा तेव्हा कुणाच्या तरी शेतात हळद शिजवायच्या कढईवर होते. शिपाई थेट तिथं गेला. "विमल खिल्लारे तुमची पोरगी का?"

पोलीस आणि पोरीचं नाव! बाबांना वाटलं, दवाखान्यात काहीतरी झालं, पोरीवर आळ आला. ते म्हणाले, "न्हाई साहेब. आमच्यात विमल नावाचं कोणीच न्हाई."

"कोणीच न्हाई?"

"लेकरूच न्हाई त्या नावाचं."

शिपाई मान डोलवून गेला. संध्याकाळी गावातल्या गुरुजींनी बाबांना खरं काय ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच बाबा माझ्या वॉर्डाबाहेर उभे, हात कोपरापर्यंत पिवळे. मला म्हणाले, "पोरी, मी तुला न्हाई म्हणून आलो." आणि तोंड फिरवून उभे राहिले. तुला वाचवायला म्हणालो, असं काही ते म्हणाले नाहीत. ते मला कळलं होतं, पण कळलंय हे त्यांना कसं सांगायचं ते मला कळेना.

तसेच आम्ही दोघं ठाण्यात गेलो. शिपाई वैतागला. "बाबा, काल म्हणलात पोरगी न्हाई. आज म्हणता हाय. उद्या काय म्हणणार?"

बाबा म्हणाले, "उद्या न्हाईच ऱ्हाणार, साहेब. ती जाऊन राहिली, म्हणून तर आलो."

* * *

माय कधी परभणीच्या पुढं गेलेली नव्हती. मी निघायच्या आधी भाकरी थापताना तिनं विचारलं, "इराण म्हंजी हैदराबादच्या पुढं का?"

"व्हय, माय."

"लई पुढं?"

"लई."

तिनं भाकरी उलटली. मग म्हणाली, "मग रातच्याला परभणीला यायला तिथनं गाडी नसंल!"

* * *

वसमतमध्ये एक मुन्शीजी होते. निजामाच्या काळात कचेरीत फारसी कागद वाचायचं काम करत. राज्य गेलं, फारसी गेली, पुढं बायकोही गेली. लोक त्यांना रामराम, सलाम घालत. पण फारसीचं काम काढून त्यांच्याकडं कुणी गेलं नव्हतं. आम्ही दोघी गेलो आणि म्हणालो, आम्हाला फारसी शिकवा!

म्हातारा उठला. मग आत जाऊन शेरवानी घालून आला.

दोन महिने आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो. फी विचारली तर रागावले. धडा संपला तरी उठू देत नसत. "बैठो बेटा, और एक लफ्ज" म्हणत म्हणत दिवे लागायचे. निघायच्या दिवशी फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "वहाँ मेरी जबान बोलना."

बोलले की! माझा पहिलाच पेशंट एक ट्रक ड्रायव्हर, हर्नियाचं ऑपरेशन झालेला. मी मुन्शीजींनी घोटून घेतलेलं वाक्य म्हटलं. त्याचा अर्थ साधारण असा : मी आपल्या मुबारक पायांखालची धूळ, आपल्या पवित्र प्रकृतीचा समाचार विचारण्याची मला इजाजत आहे काय?

ड्रायव्हर आधी माझ्याकडं बघत राहिला, मग हसायला लागला. शेजारचे हसले, सगळा वॉर्ड हसला. तो पोट धरून मला हात जोडायला लागला. डॉक्टर धावत आले आणि म्हणाले, "सिस्टर, याच्याशी बोलू नका. टाके तुटतील!"

पहिल्या रजेत आले तेव्हा मी हे मुन्शीजींना सांगितलं. वाटलं, तेही हसतील. ते खाटेवर उठून बसले.

"हँसे?"

"हो, खूप हसले."

"मगर समझे ना?"

"समजले. शब्द न् शब्द समजला."

"बस!" मुन्शीजी म्हणाले. आणि डोळे मिटून पुन्हा आडवे झाले.

* * *

तिकडं गेल्यावर आमची ताटातूट झाली. अन्नम्माला मोठ्या शहरात पाठवलं, मला डोंगरातल्या एका लहान गावी. मध्ये अख्ख्या रात्रीचा बसप्रवास. हिवाळ्यात बर्फानं रस्ता बंद झाला की तोही नाही.

त्या गावात मराठी बोलणारी मी एकटीच. बोलणार कुणाशी? बर्फ पडताना आवाज होत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडं पाऊस आला तर पत्रा सांगतो. इथं सकाळी खिडकी उघडावी तर सगळं पांढरं, आणि रात्रभर कुणी काही बोललेलं नाही. मी स्टोव्हशी बोलायचे. भांड्यांशी बोलायचे. मग एके दिवशी आपलाच आवाज ऐकून दचकले आणि तेही बंद केलं.

पण पुढं माझी ड्यूटी बाळंतिणींच्या वॉर्डात लागली. तिथं ऐन वेळेला फारसी आठवायला सवड कुठली? बाई टेबलावर ओरडत असली की माझ्या तोंडून हट्ट्याचीच भाषा निघायची. "कळ दे माय! कळ दे! झालं, झालं, आलं लेकरू!" बायकांना काय कळायचं कोण जाणे, पण बराबर कळ द्यायच्या.

दुसऱ्या हिवाळ्यात मी तापानं पडले. बरी होऊन कामावर आले तर आतून ओरडण्याचा आवाज येत होता. माझ्या जागी फातिमा नावाची तिथलीच दाई उभी होती. साठीची बाई, त्या डोंगराबाहेर पाऊल न टाकलेली. पेशंटच्या पाठीवर हात फिरवत ती ओरडत होती, "कल दे मॉय! कल दे!"

मी दारातच उभी राहिले. त्या गावात माझ्याशिवाय कुणाच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं मराठी!

आत जायला मला थोडा वेळ लागला.

* * *

त्याच्या पुढच्या रजेत मला एक स्थळ आलं. मुलगा वसमतच्याच एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. पोहे झाले. त्यानं विचारलं, तिकडं थंडी किती? पगार कसा देतात? नवऱ्याला व्हिसा मिळतो का? त्यालाही काम मिळतं का?

मी सगळं सांगितलं. खरं सांगते, मला तो आवडला होता. कुणीतरी इतके प्रश्न विचारतंय, यातच मला बरं वाटत होतं. म्हटलं, त्या खोलीत दोन माणसं झाली तर स्टोव्हशी बोलायला नको.

मोठी माणसं बाहेर गेली. दोघांना जरा बोलू द्या म्हणाले. त्यानं मान खाली घातली, कप बाजूला सरकवला आणि हळूच विचारलं, "एक विचारू का? लगीन न करता नेता येतं का?"

* * *

त्यानंतरच्या उन्हाळ्यात अन्नम्मा रजेवर निघाली. तिकडं तिनं एक टेपरेकॉर्डर घेतला होता. केरळला जायच्या आधी ती वाट वाकडी करून हट्ट्याला गेली, माझ्या घरच्यांचा आवाज भरून आणायला. परत आल्यावर रात्रभर बसनं प्रवास करून मला कॅसेट आणि तिचा टेपरेकॉर्डरही देऊन गेली. म्हटलं, बस, दोघी मिळून ऐकू. "नको," म्हणाली. "तू ऐक." आणि दुपारच्याच बसनं परत गेली.

मी दार लावून बटण दाबलं.

आधी नुसती खरखर. मग बाबा खोकले. मग अन्नम्माचा आवाज : "बोला, माय. चालू हाय."

माय म्हणाली, "काय बोलू? ती समोर न्हाई ना."

"मी हाय ना समोर. मलाच विमल समजा."

बाहेर कुठंतरी हापसा चालू होता, त्याची कुरकुर ऐकू येत होती. मग माय एकदम मोठ्यानं म्हणाली, फार लांबच्या माणसाशी बोलावं तशी, "विमल, जेवलीस का?"

"व्हय माय, जेवले."

"काय खाल्लंस?"

"भाकर आन् पिठलं."

"तिथं मिळतंय?"

"मीच करते, माय."

"थंडी लई असंल. डोक्याला बांधत जा. आन् तब्येतीला तकलीफ?"

"न्हाई, माय. काहीच तकलीफ न्हाई."

"कोणी बोलायला हाय का तिथं?"

अन्नम्मा जरा थांबली. मग म्हणाली, "हाय की. शेजारीण चांगली हाय."

"मग बरं," माय म्हणाली. तिनं सुस्कारा टाकलेला टेपवर स्पष्ट ऐकू येतो. मग तिनं विचारलं, "आन् परत कदी येतीस, लेकरा?"

टेपवर पुन्हा नुसती खरखर.

माय वाट बघत राहिली. हापसा थांबला. बाबा एकदा खोकले. मग मायचा आवाज अगदी जवळून आला, जणू ती उठून अन्नम्माच्या शेजारी येऊन बसली होती. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. ऱ्हाऊ दे, बाई. रडू नको."

आणि खट्ट करून टेप बंद झाला.