मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी

सडक अर्जुनीच्या आसपासच्या खेड्यांत कोणाला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं झालं, की गाडी सांगायच्या आधी घरचा माणूस हुकुमचंद कटरे सरांच्या दारात यायचा. चिठ्ठी घ्यायला. सर डॉक्टर नव्हते की कंपाउंडर नव्हते. हायस्कुलात इंग्रजी शिकवून रिटायर झालेले मास्तर होते. पण लोकांचा अनुभव असा, की मोठ्या दवाखान्यात खेड्यातल्या माणसाला कोणी धड विचारत नाही, आणि त्याच माणसाच्या हातात इंग्रजीत लिहिलेला कागद असला, की डॉक्टर निदान मान वर करून बघतो. हा अनुभव खोटा होता असं म्हणवत नाही.

सरही चिठ्ठी काही सहजासहजी देत नसत. जंगलाकडच्या गावातला मनीराम एकदा बायकोसाठी आला, तेव्हा सरांनी त्याला आधी ओसरीवर बसवून पाणी दिलं आणि मग त्याचा पिच्छाच पुरवला.

"मंगलीचं पोट कधीपासून दुखून राहिलं?"

"मोह वेचून आली तवापासून, सर."

"मोह वेचून कधी आली?"

"ऊन चढून राहिलं होतं."

"पोट्टे शाळेत गेले होते का?"

"नाई जी. आंघोळी करून राहिले होते."

"मंग नऊ वाजले असतील," म्हणत सरांनी लिहायला घेतलं. "डॉक्टरले ऊन नाई समजत, मनीराम. डॉक्टरले घड्याळ समजते."

सरांचा जन्मच या एका गोष्टीत गेला होता म्हणा ना. गेलेला वेळ इंग्रजीत कसा लिहायचा, यात आपली पोरं मार खातात, हे त्यांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी ओळखलं. मग त्यांनी धानाच्या बांधीवरून, म्हणजे भाताच्या खाचरावरून, ते शिकवायला सुरुवात केली. "बांधीत पाणी किती साचलं, ते 'फॉर'. पाणी कुठून शिरलं, ते 'सिन्स'." पोरांना हे लगेच कळायचं, कारण बांध फुटला की रात्री-अपरात्री पळावं कोणाला लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. आणि फळ्यावर वाक्य ठरलेलं. शी हॅज बीन इल सिन्स मॉर्निंग. ती सकाळपासून आजारी आहे. बाप शिकला तेव्हाही हेच वाक्य, लेक शिकायला आली तेव्हाही हेच.

सरांची बायको राजकुमारी फारशी शिकलेली नव्हती, पण घरच्या ट्यूशनमुळे हे वाक्य तिलाही पाठ झालं होतं. तांदूळ निवडता निवडता ती आतूनच म्हणायची, "त्या बाईले एकदाची बरी करा ना जी. माह्या लग्नापासून पडूनच हाये." पोरं फिदीफिदी हसायची. सर डोळे वटारायचे आणि मग स्वतःच हसायचे. बाईचा स्वभावच तसा होता. नवऱ्याची खोड काढल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे.

यंदाच्या माघातली गोष्ट. त्या दिवशी सकाळी राजकुमारीचं डोकं चढलं होतं. कपाळाला फडकं बांधून ती घटकाभर पडली, मग उठली आणि फडकं दोरीवर टाकून कामाला लागली. दुपारी तिनं वांगं आणि पोपटाच्या शेंगांतल्या दाण्यांची भाजी केली, भात केला, सरांना वाढलं. भातावर तूप घालताना "पुरे, पुरे" म्हणेपर्यंत ती घालतच राहिली, आणि वर म्हणाली, "खा. मास्तरकी करून अंगावर मांस तं चढलं नाई." जेवणं झाली. भांडी आवरून ती अंगणात लाखोळीची डाळ पाखडायला बसली, आणि थोड्या वेळानं सूप तिच्या उजव्या हातातून सुटलं. सर धावले. तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि ती काहीतरी सांगत होती. शब्द मात्र एकही नव्हता.

मुलगा हेमेंद्र गावातच बियाण्यांच्या दुकानात असतो. त्यानं दहा मिनिटांत गाडी आणली. शेजाऱ्यांनी उचलून तिला मागच्या सीटवर ठेवलं. गाडी निघणार तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी काळजीनं म्हणालं, "सर, चिठ्ठी घेतली का?"

सरांनाही ते पटलं. दुनियेला लिहून दिलं, मग स्वतःच्या माणसाला नको? हायवेवर गाडी भरधाव चालली होती. मांडीवर बायकोचं डोकं, गुडघ्यावर कागद. डोळ्यांपुढं अंधारी येत होती. हात तेवढा शाबूत होता, आणि त्या हातानं त्याला जे येत होतं ते लिहिलं. वळणदार अक्षर, एका ओळीत.

नागपूरच्या त्या दवाखान्यात, खरं सांगायचं तर, चिठ्ठीनं काम केलं. एका तरुण डॉक्टरनं कागद वाचला, मान वर केली आणि विचारलं, "सिन्स मॉर्निंग?"

आणि कटरे सर म्हणाले, "करेक्ट."

जन्मभर पोरांनी ते वाक्य वाचून दाखवायचं आणि सरांनी 'करेक्ट' म्हणायचं, असंच चालत आलं होतं. डॉक्टरनं आदरानं विचारलं, "टीचर आहात का? इतकं व्यवस्थित कोणी लिहून आणत नाही." त्या घाईतही सरांना क्षणभर बरं वाटलं, हेही लपवण्यात अर्थ नाही. मनीरामसारखा कोणी आला असता, तर डॉक्टरनं दहा प्रश्न विचारले असते. इंग्रजी येणाऱ्या माणसाला त्यानं पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात तोच डॉक्टर दुसऱ्या पेशंटच्या घरच्यांना समजावत होता. डोक्यातली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन असतं. पण लकव्याचा झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, नंतर द्यायची सोय नाही. राजकुमारीला ते कोणी दिलं नव्हतं. सर भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांना हिशेब करावा लागला नाही. दुपारी तिनं वाढलेला भात त्यांच्या डोळ्यांपुढं आला. ते दवाखान्यात पोचले तेव्हा दिवसही मावळला नव्हता.

इंजेक्शननं गुण आलाच असता, असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. सरांनी स्वतःला हे शंभरदा सांगून पाहिलं. पण वेळ होता, आणि तो आपण आपल्या हातानं खोडला, याला काय सांगणार? परक्या बायकांच्या दुखण्याला त्यांनी सूर्य कुठवर आला होता ते विचारलं, पोरं काय करत होती ते विचारलं. घरच्या बाईच्या वेळी त्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारला नाही.

राजकुमारी घरी आली ती बाजेवरच. उजवं अंग गेलं, वाचा गेली. सर तिचं सगळं करू लागले. वेणी घालायला शिकले, तीही वाकडीतिकडी. ट्यूशन बंद केली. हेमेंद्र भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला कौतुकानं सांगायचा, "बाबूजीनं इंग्लिशमदे लिहून नेलं म्हणून तं तुरंत आत घेतलं." लोक माना डोलवायचे. सर उठून गोठ्यात जायचे. मनीराम पुन्हा चिठ्ठीसाठी आला, तेव्हा सरांनी त्याला दारातूनच नको म्हटलं.

"काऊन जी, सर? आमचं काई चुकलं का?"

सर आत वळले. मनीराम निघून गेला. जाताना त्यानं दोनदा मागं वळून पाहिलं.

त्या दुपारी सर राजकुमारीच्या बाजेशी बसले. आता बोलायचं, आधी हिला, मग हेमेंद्रला, मग सगळ्या गावाला, असं त्यांनी ठरवलं होतं. "तुले सगळं समजते, असं डॉक्टर म्हणे," त्यांनी सुरुवात केली. मग कागदावर काय लिहिलं, डॉक्टरनं काय विचारलं, आपण काय म्हणालो, सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. राजकुमारी छताकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले आणि कानावरून ओघळ गेले. सरांनी ते पुसायला हात नेला, तर तिनं तोंड फिरवलं.

अंगणात मोटारसायकल थांबली. हेमेंद्र आला होता. बापाचा चेहरा बघून तो दारातच थबकला. "काय झालं, बाबूजी?"

"हेमेंद्र, बस. तुले एक गोष्ट सांगाची हाये," सर म्हणाले.

राजकुमारीनं मान वळवली. तिचा डावा हात उठला, पुढं आला, आणि तिनं तो नवऱ्याच्या तोंडावर दाबून धरला. लेकाकडे बघत तिनं मान हलवली. काही नाही.

"काय म्हणते माय?" हेमेंद्रनं विचारलं.

सरांनी तिचा हात बाजूला करून पाहिला. एका हाताच्या बाईत एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. तिनं तो काढू दिला नाही.